दिसतं तसं नसतं: युरोपच्या जुन्या मेजवान्यांमधले फसवे पदार्थ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॉलेजचा इतिहास विभाग मध्ययुगीन जेवणाचा दिवस ठरवतो, एखाद्या नाटकाला राजेशाही पंगत दाखवायची असते, परदेशातली मराठी मंडळी तिथल्या इतिहासप्रेमी गटांबरोबर स्वयंपाक करतात. अशा वेळी पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काळ साधारण 1300 ते 1660, प्रदेश इंग्लंड, फ्रान्स, सव्हॉय (फ्रान्स आणि इटलीच्या मधलं आल्प्समधलं राज्य) आणि इटली.

फसवे पदार्थ म्हणजे नेमके कोणते?

डोळ्यांना एक दिसतं आणि तोंडात दुसरंच येतं, असे पदार्थ. हिरवं सफरचंद कापलं की आत खिमा. अंडं फोडलं की आत बदामाचा गोड चक्का. अक्रोड फुटला की आतून साखरी बडीशेप आणि एका कपट्यावर लिहिलेल्या दोन ओळी.

जगात नसलेला प्राणी ताटात आणणं हा दुसरा प्रकार. अर्धा कोंबडा आणि अर्धं डुकराचं पिल्लू जोडून केलेला 'कॉकेन्ट्रिस' त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. तिसऱ्या प्रकारात शिजवलेला प्राणी जिवंत भासवला जाई, म्हणजे पिसांसकट बसवलेला मोर किंवा तोंडातून जाळ सोडणारं रानडुकराचं डोकं.

याशिवाय पंगतीच्या टप्प्यांमध्ये मिरवत आणायचे देखावे असत. इंग्रज त्यांना 'सटल्टी' म्हणत, फ्रेंच 'आंत्रमे'. त्यातले कितीतरी खाण्यासाठी नव्हतेच. लाकूड, मेण, कापड, कागदाचा लगदा असं त्यांचं सामान असे. 17 फेब्रुवारी 1454 रोजी लील शहरात बर्गंडीच्या फिलिप द गुड या ड्यूकने दिलेल्या मेजवानीत एक प्रचंड 'पाय' (इंग्रजी pie, म्हणजे कणकेच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) होता आणि त्यात 28 वादक बसून वाजवत होते. वर्णन वाचायला फार मजा येते, पण स्वयंपाकघरात त्याचा उपयोग नाही. या पानावर मी खाता येणाऱ्या गोष्टींवरच भर देणार आहे.

ही कल्पना मध्ययुगाचीच का?

नाही, रोमन लोक त्यात आधीच मुरलेले होते. आपिकिअसच्या नावावर असलेल्या पाकसंग्रहात मासळी न घालता केलेली मासळीची थाळी आहे आणि आपण काय खातोय हे टेबलावर कुणालाच कळणार नाही, असं तिथे अभिमानाने लिहिलंय. पेट्रोनिअस या रोमन लेखकाने रंगवलेल्या मेजवानीत सशाला पंख लावून त्याचा उडता घोडा केलाय. पण मध्ययुगीन आचाऱ्याकडे एक कारण होतं, जे रोमन आचाऱ्याकडे नव्हतं. ते पुढच्या उत्तरात.

एवढा खटाटोप कशासाठी करायचे?

पहिलं कारण धर्माचं. ईस्टरच्या आधीचे लेंटचे चाळीस दिवस, वर्षभरातले शुक्रवार आणि इतरही काही वार मांस वर्ज्य असे. लेंटमध्ये तर अंडी, दूध, लोणी यांनाही मनाई होती. मासे चालत. मग आचारी बदामाच्या दुधापासून 'अंडी' करी, 'चीज' करी. आपल्याकडे उपवासाची कचोरी किंवा उपवासाचा डोसा ज्या बुद्धीतून येतो, तीच ही बुद्धी: नियम मोडायचा नाही आणि जिभेची ओढही मारायची नाही. फरक इतकाच की तिथे बदाम, केशर आणि साखर वापरणं हेच मुळात श्रीमंतीचं लक्षण होतं. सामान्य शेतकरी लेंटमध्ये खारवलेला हेरिंग मासा आणि वाटाण्यांवर दिवस काढी.

दुसरं कारण प्रतिष्ठेचं आणि राजकारणाचं. सहावा हेन्री 1429 मध्ये इंग्लंडच्या गादीवर विधिपूर्वक बसला तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्या मेजवानीतल्या एका सटल्टीत इंग्लंडचा संत एडवर्ड आणि फ्रान्सचा संत लुई यांच्यामध्ये हा मुलगा उभा दाखवला होता आणि सोबत कवी लिडगेटच्या ओळी होत्या. दोन्ही राज्यं आमची, असा दावा एका शोभेच्या वस्तूने टेबलावर मांडला.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे फसल्याचा आनंद. पाहुणा क्षणभर चकावा, मग हसावा आणि नंतर चवीनेही खूश व्हावा. 1598 साली इंग्रजीत आलेल्या 'एप्युलारिओ' या इटालियन पाकपुस्तकात जिवंत पक्षी उडून जाणाऱ्या 'पाय'ची कृती आहे. पाहुण्यांची निव्वळ थट्टा होऊ नये म्हणून आत एक छोटा खराखुरा 'पाय' ठेवा आणि तो कापून वाढा, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. फसवल्यावर जेवू घालणं हा त्या कृतीचाच भाग आहे. फसवा पदार्थ करताना मी हीच कसोटी सगळ्यांत वर ठेवते. दिसायला अप्रतिम आणि खायला कंटाळवाणा असेल, तर तो त्या परंपरेतला नाही.

'ऐतिहासिकदृष्ट्या पटण्याजोगा' म्हणजे काय? जुनी कृती जशीच्या तशीच करावी लागते का?

जुनी कृती मिळाली तर उत्तमच. पण त्या पुस्तकांत मापं क्वचितच आहेत, वेळ नाही, तापमान नाही. 'पुरेशी साखर घाल' असं लिहिलेलं असतं. त्यामुळे कितीही प्रामाणिकपणे केलं तरी आपली अटकळ येतेच. शिवाय त्या काळचे आचारी स्वतः नवनवे खेळ रचत होते, मग आपणही रचायला हरकत नाही.

मी तीन गोष्टी तपासते. सामान त्या प्रदेशात, त्या काळात होतं का? तंत्र त्यांच्याकडे होतं का, म्हणजे उकडणं, शिगेवर भाजणं, साच्यात दाबणं, अंड्याच्या बलकाने रंगवणं? आणि गंमतीचा प्रकार त्यांचा आहे का? तिन्ही सांधे जुने सापडले की जोडणी आपली असली तरी पदार्थ पटतो.

एक उदाहरण देते. काटेरी साळिंदरासारखा दिसणारा हेजहॉग हा छोटा प्राणी त्यांचा फार आवडता नमुना. मूळ कृती मांसाची आहे. शाकाहारी पंगतीसाठी मी तो सुक्या अंजिरांचा करते. अंजीर, मनुका आणि खजूर कुटून, सुंठ-दालचिनी घालून केलेली सारणं लेंटच्या कृतींमध्ये भरपूर आहेत. बदामाच्या सळया टोचून काटे करणं मूळ हेजहॉगमध्येच आहे. उपवासाच्या दिवशी वर्ज्य पदार्थाचा आभास निर्माण करणं हा त्यांचा रोजचा खेळ. जोडणी माझी आहे, सांधे सगळे त्यांचे.

याउलट चॉकलेटचा हेजहॉग कितीही सुरेख झाला तरी 1400 सालच्या टेबलावर बसणार नाही.

काय अजिबात वापरू नये?

टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, शेंगदाणे, काजू, अननस, कोको, व्हॅनिला. हे सगळं अमेरिका खंडातलं आहे आणि 1492 च्या आधी युरोपात नव्हतं. त्यानंतरही ते ताटात रुळायला वेळ लागला, म्हणून 1550 ची मेजवानी असली तरी हात आखडता घ्यावा. बेकिंग पावडर 19व्या शतकातली, कृत्रिम खाद्यरंगही 19व्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे. जेली घट्ट करायला ते वासराचे पाय किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरत. चायनाग्रास त्यांच्याकडे नव्हतं. शाकाहारी पंगतीत चायनाग्रास वापरायचंच असेल तर वापरा, पण पाहुण्यांना दिलेल्या माहितीत तसं लिहा.

रंगांचं काय? एवढे भडक रंग तेव्हा कुठून यायचे?

हा माझा सर्वांत आवडता विषय आहे, कारण फसवणुकीचं निम्मं काम रंगच करतो.

पिवळा म्हणजे केशर आणि अंड्याचा बलक. भाजून होत आलेल्या पदार्थावर बलक, केशर आणि थोडी सुंठ यांचा लेप देऊन पुन्हा आचेसमोर धरायचा, की सोनेरी कवच बसतं. या मुलाम्याला ते खास महत्त्व देत. हळद टाळा. एक तर तिचा वास लगेच ओळखू येतो, आणि त्या पाककृतींत पिवळ्यासाठी केशरच येतं.

हिरवा म्हणजे पार्सली वाटून पिळलेला रस. पालकाचा रसही चालतो. कोथिंबीर मात्र नको, रंग येईल पण सफरचंद तोंडात घालण्याआधीच नाकाला आपलं स्वयंपाकघर आठवेल. हिरवा रंग जास्त आचेवर शेवाळी होतो, म्हणून तो अगदी शेवटी लावायचा.

लाल म्हणजे रक्तचंदन. हे लाकूड आपल्या आंध्रच्या डोंगरांतलं, आणि व्यापाऱ्यांच्या हातांतून ते लंडनच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होतं. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात शुद्ध, खाण्याजोगी पूड मागा. पूजेची किंवा लेपाची पूड खाण्यात वापरू नका. त्याचा रंग साध्या पाण्यात फारसा उतरत नाही, मद्यार्कात उतरतो. कणकेत किंवा बदामाच्या गोळ्यात बारीक पूड थेट मळली तर काम होतं. दुसरा लाल म्हणजे रतनजोत. ती तेलात किंवा तुपात मंद गरम केली तरच रंग सोडते, पाण्यात नाही. रोगनजोशाला रंग देणारी मुळी तीच.

काळ्यासाठी रक्त वापरत. ज्यांच्याकडे रक्ती होते त्यांना हे विचित्र वाटणार नाही. इतरांनी काळ्या मनुकांचा दाट गर घ्यावा.

सोन्या-चांदीचा वर्खही होता आणि त्यातही पायऱ्या होत्या. फ्रेंच पाकसंग्रह 'व्हियांदिए'मध्ये कागदी शिरस्त्राण घातलेला भाजलेला कोंबडा हातात भाला घेऊन डुकराच्या पिल्लावर स्वार झालाय. सरदारांसाठी ते शिरस्त्राण सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्याने मढवा, नाहीतर रंगीत कथलाच्या पत्र्याने, असं तिथे म्हटलंय. कथील आज वापरू नये. खाण्याचा चांदीचा वर्ख आपल्याकडे सहज मिळतो.

पहिल्यांदा करणाऱ्याने काय करावं?

लेंटमधलं अंडं. 1430 च्या सुमाराच्या एका इंग्रज हस्तलिखितात त्याची कृती आहे आणि ती इतकी नेमकी आहे की वाचताना समोर आचारी उभा राहतो. अंड्याला एका टोकाला भोक पाडून आतलं फुंकून काढायचं, टरफल कोमट पाण्यात धुवायचं. बदामाचं दूध तापवून कापडावर ओतायचं, पाणी निथळू द्यायचं. राहिलेल्या चक्क्यात साखर घालायची. अर्ध्या भागात केशर आणि दालचिनी. मग टरफलात खाली पांढरा, मध्ये पिवळा, वर पुन्हा पांढरा. उतू जाईल म्हणून काठोकाठ भरायचं नाही. विस्तवात भाजायचं आणि वाढायचं.

आजच्या स्वयंपाकघरात मी असं करते. पाव किलो बदाम रात्री भिजवून सोलते, तीन कप पाण्यात गंधासारखे बारीक वाटून मलमलीतून गाळते. दूध ढवळत तापवते, उकळी फुटायच्या बेतात चिमूटभर मीठ आणि चमचाभर व्हिनेगर. गॅस बंद करून झाकून ठेवलं की ते हळूहळू फाटतं. पनीरसारखे मोठे गोळे येत नाहीत, दाणेदार साय होते, त्यामुळे घाबरू नका. दुहेरी मलमलीत बांधून चार-पाच तास टांगायचं. पातळ वाटलं तर बारीक वाटलेल्या बदामांचे दोन चमचे मिसळा. दोन-तीन अंडी भरतील एवढा चक्का निघतो.

टरफलं मात्र कोमट पाण्याने धुवून थांबू नका, दहा मिनिटं उकळा. कच्च्या अंड्यातले जंतू टरफलालाही असतात. भरल्यावर ती वाटीत मीठ पसरून त्यात उभी करा आणि 150 अंशांवर दहा मिनिटं ठेवा. थेट निखाऱ्यात टरफल तडकतं.

वाढताना अंडी अंड्यांच्याच टोपलीत, गवतावर ठेवा. बाजूला मीठ ठेवलं तर गंमत पूर्ण होते: पाहुणा सवयीने मिठाकडे हात नेतो.

लेंटचं अंडं खऱ्या टरफलात? मग तो उपवास कसा?

टरफल खात नाहीत, आतलं अंडं काढून टाकलेलं असतं, आणि मूळ कृतीतही टरफल खरंच आहे. पण शुद्ध शाकाहारी पाहुण्यांना हे चालणार नाही. त्यांच्यासाठी लाकडी अंडाकृती साच्यात किंवा ओल्या मलमलीत बांधून आकार द्या आणि सुरीने अर्धं करून 'उकडलेलं अंडं' म्हणून वाढा.

शाकाहारी पंगत शक्य आहे का, की हा सगळा मांसाहाराचा मामला?

शक्य आहे आणि चांगली होते. बदामाची अंडी, अंजिराचा हेजहॉग, साखरेची फळं, अक्रोड, मार्झिपानचं 'बेकन'. हे शेवटचं 17व्या शतकातल्या इंग्रज पाकपुस्तकांत आहे. बदाम-साखरेचा गोळा घ्यायचा, त्याचा एक भाग रक्तचंदनाने लाल करायचा. लाल आणि पांढऱ्या पोळ्या एकावर एक रचून आडव्या कापायच्या, की चरबीच्या पट्ट्या असलेले मांसाचे काप तयार. जैन पाहुणे असतील तर मांसाचं नुसतं रूपही त्यांना नको वाटेल. तिथे फळं आणि अक्रोडच ठेवा, आग्रह करू नका.

खिम्याचं सफरचंद कसं करायचं?

इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी 1390 च्या सुमाराला लिहिलेल्या 'द फॉर्म ऑफ क्युरी' या संग्रहात ते आहे. तिथे डुकराचं कच्चं मांस बारीक करून तिखट मसाला, केशर, मीठ आणि छोट्या काळ्या मनुका घालून गोळे करतात. गोळे अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून उकळत्या पाण्यात शिजवतात, मग शिगेवर भाजतात, आणि पार्सली, अंडं आणि थोडं पीठ यांचा लेप देतात.

आधी पाण्यात शिजवणं ही पायरी गाळू नका. त्यानेच गोळा घट्ट बसतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. अर्धा किलो खिम्याचे लिंबाएवढे बारा-चौदा गोळे होतात. खिमा दोनदा दळलेला हवा. मंद उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटं, मग 200 अंशांच्या ओव्हनमध्ये. पृष्ठभाग कोरडा झाला की लेप, दोन मिनिटं ओव्हन, पुन्हा लेप, असं तीनदा. देठाच्या जागी लवंग टोचली तर काळाशी विसंगत होत नाही. डुकराऐवजी मटण चालेल. कांदा, लसूण, कोथिंबीर घालून आपला कबाब करू नका. मनुकांचा गोडवा आणि मिरी-सुंठेचा तिखटपणा एकत्र येतो तीच त्या काळची चव.

आणि मांसाचा हेजहॉग?

त्यासाठी वजडी लागते. डुकराच्या किंवा मेंढीच्या पोटात मसाल्याचा खिमा भरून शिवतात, भाजतात आणि तुपासारख्या चरबीत परतलेल्या बदामाच्या सळया टोचतात. काही हिरवे रंगवतात, काही रक्ताने काळे. पॅरिसमध्ये 1393 च्या सुमाराला एका वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी लिहिलेल्या घरगुती ग्रंथात याच हेजहॉगचा उल्लेख आहे आणि खर्च फार, कष्ट फार, मान आणि फायदा कमी, म्हणून इथे काही देत नाही, असं त्याने म्हटलंय. घरच्या चार माणसांच्या जेवणापुरतं त्याचं खरं आहे. चाळीस माणसांच्या पंगतीत दोन हेजहॉग आणले की लोक उठून बघायला येतात. वजडी नको असेल तर खिम्याला हातानेच अंडाकृती आकार द्या.

कॉकेन्ट्रिस घरी होतो का?

होतो, पण मोठा ओव्हन किंवा बाहेर शेगडी हवी. 1430 च्या त्याच इंग्रज हस्तलिखितात कोंबडा आणि डुकराचं पिल्लू दोन्ही कमरेत कापून सुई-दोऱ्याने उलटसुलट शिवायला सांगितलंय. म्हणजे एका खटाटोपात दोन विचित्र प्राणी मिळतात. मग सारण भरायचं, भाजायचं, बलक-सुंठ-केशराने सोनेरी करायचं आणि वरून पार्सलीचा रस.

अडचण चवीची नाही, आचेची आहे. कोंबडी लवकर शिजते, पिल्लू उशिरा. म्हणून कोंबडीच्या भागावर फॉइल गुंडाळा आणि शेवटी काढा. सांध्याजवळ मांस सगळ्यात जाड असतं. तिथे थर्मामीटर टोचून 75 अंश झाल्याशिवाय बाहेर काढू नका. दोरा जाड सुती घ्या, टाके मोजून ठेवा आणि कापण्याआधी तेवढेच बाहेर आले का ते पाहा.

मासे खाणाऱ्यांसाठी माझी शिफारस वेगळी आहे. सव्हॉयच्या ड्यूकचा मुख्य आचारी शिकार याने 1420 मध्ये लिहवून घेतलेल्या ग्रंथात एकच अखंड मासा तीन प्रकारे शिजवण्याची युक्ती आहे, एक भाग तळलेला, एक उकडलेला, एक भाजलेला. मधल्या भागाला ओलं कापड गुंडाळून त्यावर गरम रस्सा ओतत राहायचं, एका टोकाला गरम तेल, एक टोक तसंच आचेवर. घोळ किंवा रावस घेऊन हे सुंदर जमतं, आणि एकाच माशात तीन चवी कशा हे कोडं सगळ्यांना पडतं.

साखरेच्या वस्तू कशा करत? फोंडंट वापरलं तर चालेल का?

केकच्या सजावटीला लागणाऱ्या तयार फोंडंटची, म्हणजे साखरेच्या मऊ गोळ्याची, गरजच नाही, कारण त्यांची साखरेची कणीक त्याहून चांगली आहे. 1555 मध्ये व्हेनिसला छापल्या गेलेल्या, 'आलेस्सिओ' हे नाव लावलेल्या गुप्तविद्यांच्या पुस्तकात तिची कृती आहे. गुलाबपाण्यात ट्रॅगाकांथ डिंक भिजवायचा, त्यात लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा आणि अगदी बारीक साखर मळायची. या कणकेची ताटं, वाट्या, पेले करा, टेबल सजवा आणि जेवण झालं की तेही खाऊन टाका, असं तिथे सुचवलंय. 1574 मध्ये फ्रान्सचा तिसरा हेन्री व्हेनिसला आला तेव्हा त्याच्यासाठी साखरेचं टेबल मांडलं होतं आणि हातात घेतलेला रुमालसुद्धा साखरेचा निघून तुटला, असं त्या भेटीच्या वर्णनांत आहे.

आपल्याकडे हा डिंक कतीरा म्हणून मिळतो, उन्हाळ्यात सरबतात घालतात तोच. मात्र कतीरा या नावाने दोन वेगळ्या झाडांचे डिंक विकले जातात. इराणकडचा, पातळ वळलेल्या पापुद्र्यांचा मागा. लाडवाचा डिंक इथे चालत नाही, तो फुगून असा चिकट गोळा होत नाही. एक छोटा चमचा कतीऱ्याची पूड, दोन मोठे चमचे गुलाबपाणी, रात्रभर झाकून. सकाळी मलमलीतून दाबून काढा, चमचाभर लिंबू घाला आणि घरी दळून वस्त्रगाळ केलेली साखर मावेल तशी मळत जा, साधारण चारशे ग्रॅम. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा मक्याचं पीठ असतं, म्हणून ती टाळा. अंड्याचा पांढरा गाळला तरी कणीक होते. गोळा ओल्या कपड्याखाली ठेवा, उघड्यावर पाच मिनिटांत कवच धरतो.

अक्रोडासाठी गोळ्यात दालचिनीची पूड मळून तपकिरी करा. खऱ्या अक्रोडाच्या अर्ध्या कवचाला आतून बदामाचं तेल पुसा, पातळ पारी दाबा, वाळली की काढा. मध्ये साखरी बडीशेप आणि घडी केलेला कागद ठेवून दोन भाग ओल्या कतीऱ्याने चिकटवा. 1608 च्या एका इंग्रज पुस्तकातला अक्रोड जवळजवळ असाच आहे. कागदावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मराठी पाहुणे असतील तर मी ओवी लिहिते, आणि ती मोठ्याने वाचून दाखवायला लावते.

मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात ही कामं करू नका. हवेतला दमटपणा साखर ओढून घेते आणि पेला सकाळपर्यंत बसका होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

गोव्याचं नाताळातलं मार्झिपान याच परंपरेतलं का?

नातं आहे. बदाम-साखरेचा गोळा साच्यात दाबून फळं, मासे, शिंपले करण्याची युरोपीय रीत पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली आणि तिथे बदामाची जागा काजूने घेतली. काजूचं झाडही पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आणलेलं. म्हणून गोव्याचं मार्झिपान 1450 च्या मेजवानीत बसत नाही, पण साचे मात्र जरूर वापरा. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात मिळणारे फळा-माशांचे साचे या कामाला अगदी योग्य आहेत.

त्या काळचे मसाले कुठे शोधायचे?

इथे आपण युरोपातल्या हौशी लोकांपेक्षा भाग्यवान आहोत. पिंपळी, कंकोळ, कुलिंजन, जायपत्री ही 14व्या शतकातल्या इंग्रज-फ्रेंच आचाऱ्याची रोजची नावं. पुढे युरोपने त्यांतली बरीच सोडून दिली. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात आजही पुडीत बांधून देतात. त्यांचा तिखट मसाला म्हणजे मिरी, पिंपळी, लवंग, सुंठ, जायफळ यांचं मिश्रण. मिरचीविना जेवण कसं तिखट होतं ते यातून कळतं.

कुजकं मांस लपवायला मसाले वापरत, हे अजून सांगितलं जातं आणि ते चुकीचं आहे. ज्याला मिरी आणि केशर परवडे त्याला ताजं मांस सहज परवडत होतं. मसाले मांसाहून कितीतरी महाग होते.

आंबटपणासाठी ते कच्च्या द्राक्षांचा रस घेत. नाशिक-सांगलीकडे बागेत ओळख असेल तर फवारणी न झालेले कच्चे मणी मागून पाहा.

पिसांचा मोर, जाळ सोडणारं डोकं, जिवंत पक्षी: यातलं काही करता येईल का?

नाही, आणि त्याची गरजही नाही. मोर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. शिवाय शिजवलेल्या मांसावर कच्ची कातडी पुन्हा चढवणं म्हणजे पाहुण्यांना आजारपण वाढणं. सव्हॉयचा तो आचारी शिकार यानेही मोराच्या कातडीत गूस हा बदकाच्या कुळातला पुष्ट पक्षी भरायला सांगितलंय, म्हणजे तेव्हाही शोभा मोराची आणि चव दुसऱ्याची होती. तुम्ही कोंबडीचा 'पाय' करा आणि त्यावर कणकेची, भाजून रंगवलेली मोराची मान आणि कागदी पिसारा लावा.

जाळासाठी मद्यार्कात बुडवलेला कापूस आणि कापूर प्राण्याच्या तोंडात किंवा पक्ष्याच्या चोचीत ठेवत. पूजेचा कापूर खाद्य नाही, त्याचा धूर आणि अंश अन्नावर उतरतो. जाळ हवाच असेल तर पदार्थापासून वेगळ्या थाळीत, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

पक्ष्यांच्या 'पाय'चं रिकामं कवच करण्याची युक्ती मात्र घेण्यासारखी आहे. जाड कणकेचं भांडं पिठाने भरून भाजतात, म्हणजे ते खचत नाही. मग तळाला भोक पाडून पीठ काढून टाकतात. त्या पोकळीत साखरेचे पक्षी ठेवा आणि आत तो छोटा खरा 'पाय' विसरू नका.

पाहुण्यांना आधी सांगायचं की नाही?

गंमत सांगायची नाही, घटक सांगायचे. या पदार्थांत बदाम जवळजवळ सगळीकडे असतो आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. अंडं, मांस आणि मद्य यांचंही तसंच. दाराशी घटकांची यादी लावा, पण कुठला पदार्थ कशासारखा दिसतो ते लिहू नका. शाकाहारी माणसाला मांस शाकाहारी भासवून वाढणं हा फसव्या पदार्थाचा प्रकार नव्हे, तो विश्वासघात आहे. खिम्याची सफरचंदं म्हणूनच फळांच्या परातीत कधीही मिसळायची नाहीत, ती मांसाच्याच टेबलावर येतात. कडू बदामही घालू नका, जुन्या कृतींत असले तरी त्यांतून सायनाइड तयार होतं.

एका मेजवानीत असे किती पदार्थ असावेत? कामाची आखणी कशी करायची?

टप्प्याला एक पुरे. सगळंच फसवं असलं की तिसऱ्या ताटापासून पाहुणे संशयाने बघू लागतात आणि चकवा संपतो. तीन टप्प्यांच्या पंगतीत पहिल्यात सफरचंद, दुसऱ्यात हेजहॉग किंवा तीन चवींचा मासा, शेवटी साखरेचे अक्रोड, आणि आजूबाजूला साधी पावभाकरी, भाज्यांचे दाट सूप, भाजलेलं मांस.

साखरेच्या वस्तू आठवडाभर आधी करून हवाबंद डब्यात ठेवता येतात. अक्रोड आदल्या दिवशी चिकटवा, नाहीतर बडीशेपेची साखर ओलावा धरते. बदामाचा चक्का आदल्या रात्री टांगा, अंडी त्याच दिवशी भरा. खिम्याचे गोळे सकाळी पाण्यात शिजवून लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि भाजणं-रंगवणं वाढण्याच्या अर्ध्या तासावर ठेवा. हिरव्या लेपाला एक माणूस वेगळा द्या, त्याने ओव्हनसमोरून हलायचं नाही.